ऑक्टोबरचं गणित

"मी चहा घेत नाही," हे वाक्य मी त्या घरात पहिल्याच दिवशी, कुणी विचारायच्या आधीच बोलून टाकलं. समोरच्या बाईंच्या हातात अजून पातेलंसुद्धा आलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी तेव्हा दिवसाला चार चहा घेत होतो आणि पाचवा मिळाला तर नको म्हणत नव्हतो. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं. पुढचे चार महिने मला ते निभवावं लागलं. त्या चार महिन्यांत गणितानं माझा जेवढा छळ केला, त्याच्या खालोखाल या एका वाक्यानं केला.

गेलो होतो मी गणितासाठीच. बारावी सायन्सला मार्चमध्ये मी गणितात नापास झालो होतो. बाकीचे विषय कसेबसे सुटले आणि गणितात शंभरात तेवीस. तेवीस हा आकडा मी त्यानंतर कधी मोठ्यानं उच्चारला नाही. बसचा नंबर तेवीस असला तरी मी दुसऱ्या बसनं जायचो.

गाव आमचं देवगाव रंगारीच्या पुढं, कच्च्या रस्त्यानं दोन कोस. घर मेंढरांचं. दहावीला गणितात ऐंशीच्या वर मार्क पडले आणि त्या मार्कांनीच घात केला. पोरगं हुशार आहे, सायन्सला घाला, असं सगळ्यांनी ठरवलं आणि मला शहरात, पडेगावला मामाकडं आणून ठेवलं. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेलो. अकरावीच्या पहिल्या दिवशी सरांनी फळ्याकडं तोंड करून इंग्रजीत जे बोलायला सुरुवात केली, ते बारावी संपेपर्यंत त्यांनी तोंड काही वळवलं नाही. मी वहीत सगळं उतरवून घ्यायचो. घरी येऊन बघितलं की माझंच अक्षर मला परकं वाटायचं.

मामा वाळूजला नव्यानं उभ्या राहणाऱ्या एका शेडवर वॉचमन होता. त्या दिवसांत तिकडं रोज एक नवा पत्रा चढायचा आणि रोज एक नवं फाटक लागायचं. निकाल कळल्यावर मामा माझ्यावर रागावला नाही, रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त सांगितलं, "ऑक्टोबरला परीक्षा हाय ना पुन्हा? सुटलास तर शिक पुढं. नाय सुटलास तर मी साहेबाला बोलून ठिवलंय, हेल्पर म्हणून लागायचं. मग पुस्तकाचं नाव काढायचं नाय." मामाचा शब्द म्हणजे शब्द. उस्मानपुऱ्याजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या फाटकावरून मी सायकलनं जायचो तेव्हा मान दुसरीकडं करायचो. आपल्याला न मिळणारी गोष्ट फार वेळ बघू नये असं मला वाटायचं.

माझ्यासारखाच गणितात गचकलेला एकजण मला उस्मानपुऱ्यात घेऊन गेला. तिथल्या एका गल्लीत दोन खोल्यांचं घर होतं. घरातला मोठा मुलगा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, सगळे त्याला दादा म्हणायचे. गणित घेऊन बी.एस्सी. झालेला. मास्तरकी मिळाली नव्हती, म्हणून स्टेशनजवळच्या एमआयडीसीत लेथ मशीनवर कामाला होता. आमच्यासारख्या अडलेल्यांना तो फुकट शिकवायचा. अट एकच, वेळ त्याच्या शिफ्टप्रमाणे. आठवड्याला शिफ्ट बदलायची आणि तिच्यामागं आमचा क्लास. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात दुपारी चारला, सेकंडच्या आठवड्यात सकाळी दहाला. थर्ड शिफ्ट असली की सकाळी साडेसातला तो कामावरून यायचा, तोंडावर पाणी मारायचा, आणि टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून पहिलं उदाहरण लिहायला घ्यायचा.

त्या घरात पहिलं पाऊल टाकलं तेव्हा समोरच्या भिंतीवर दोन तसबिरी दिसल्या. एक बुद्धाची. दुसरी निळ्या कोटातली, जाड चष्म्याची. ती बघितली आणि चहाचं वाक्य माझ्या तोंडातून गेलं. विचार केला असता तर कदाचित गेलं नसतं. पण या गोष्टी विचार करून होत नाहीत. आमच्या गावात त्या वस्तीतलं पाणी कुणी पीत नसे, आणि का पीत नाही असं विचारल्याचं मला आठवत नाही. ते माझ्या डोक्यात नव्हतंच, जिभेवर होतं.

दादाच्या आईनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "बरं केलंस लेकरा. चहानं पित्त व्हतं." झालं, एवढंच. दुसऱ्या दिवशी उदाहरण अर्ध्यात आल्यावर तिनं बाकीच्या तिघांपुढं कान तुटलेल्या कपांत चहा ठेवला आणि माझ्यापुढं एक केळं. तिसऱ्या दिवशी पेरू. मग शेंगा. मग पुन्हा केळं. मी मनात म्हटलं, बरं झालं, आपली सुटका झाली. उलट इतरांपेक्षा आपल्यालाच भारी मिळतंय म्हणून थोडा मिरवलोसुद्धा.

पण तो चहा! आलं ठेचून टाकलेला, वाफ सरळ माझ्या नाकाशी यायची. बाकीचे तिघं फुर्रकन आवाज करत प्यायचे तेव्हा मी कुठं बघायचं हा प्रश्न असायचा. मी भांड्यांच्या मांडणीकडं बघायचो. तिथं सगळ्यात वरच्या फळीवर एक कपबशी होती, पिवळ्या फुलांची, एकटीच, पालथी घातलेली. चार महिन्यांत ती खाली उतरलेली मी बघितली नाही. पाहुण्यांसाठी असावी. तिच्यावरची फुलं मला तोंडपाठ झाली, एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला चार. इंटिग्रेशनचे फॉर्म्युले तेवढे पाठ झाले असते तर बरं झालं असतं.

क्लास सुटल्यावर परत जाताना छावणीतल्या एका हॉटेलात मी गपचूप चहा घ्यायचो. एकदा आमच्यातल्याच एकानं मला तिथं बशीत चहा ओतताना पकडलं. "काय बे, तू तर चहा पीत नाय ना?" मी म्हणालो, "डोकं दुखतंय, औषध म्हणून घेतला." त्यानंतर मी ते हॉटेल सोडलं आणि नगर नाक्याच्या पलीकडचं, आडबाजूचं शोधलं. एका खोट्यासाठी माणूस किती सायकल मारतो.

दादाची शिकवायची रीत कॉलेजपेक्षा वेगळी होती. कंपनीतल्या भंगारातला एक पत्रा त्यानं काळा रंगवून भिंतीला टेकवला होता, तोच फळा. खडूही कंपनीतलाच, लोखंडावर खुणा करायचा, जाड आणि तेलकट. त्याच्या फळ्याजवळ फडकं नव्हतं. आम्ही पायरी चुकलो की त्यावर तो एक आडवी रेघ मारायचा आणि खाली बरोबर पायरी लिहायचा. मी सुरुवातीला सवयीनं तळहातानं पुसायला गेलो तर त्यानं माझं मनगट धरलं. "पुसायचं नाय. मशीनवर जॉब, म्हंजे कातायचा तुकडा, बिघडला तर आम्ही फेकून देत नाय, बाजूला ठिवतो. कुठं बिघडला ते दिसाया पायजे. पुसलंस की उद्या तिथंच चुकशील."

माझ्या वहीत त्यामुळं रेघाच रेघा झाल्या. पण त्या रेघांमधून मला पहिल्यांदा कळलं की मला गणित येत नाही हे खरं नव्हतं. मला इंग्रजी वाक्याची भीती वाटायची आणि त्या भीतीत मी मधली एक पायरी गिळून टाकायचो. उत्तर कधीकधी बरोबर यायचं, पण कसं आलं ते मलाच सांगता यायचं नाही. दादा म्हणायचा, "उत्तर बरोबर हाय तुझं. पण मधलं लपिवलंस. लपिवलेल्याला मार्क नसतात."

जुलै गेला, ऑगस्ट आला. मामाकडं अजून वीसेक मेंढरं होती. क्लास दुपारी असला की सकाळी मी ती पडेगावच्या पलीकडच्या माळावर न्यायचो आणि दगडावर बसून फॉर्म्युले घोकायचो. एकदा वाऱ्यानं कागद उडाला आणि कोकरानं खाल्ला. त्यावर अख्खी त्रिकोणमिती होती. मी त्या कोकराकडं बराच वेळ बघत बसलो, कारण माझ्यापेक्षा त्याच्या पोटात जास्त शिरली असणार. हसण्यासारखीच गोष्ट होती, पण मला हसू आलं नाही. छातीत धडधड सुरू झाली ती संध्याकाळपर्यंत गेली नाही. त्या दिवसांत ही धडधड कशानंही सुरू व्हायची. कॅलेंडरचं पान उलटलं की. मामाच्या सायकलीची घंटा वाजली की. भाकरीचा घास तोंडात फिरायचा. एकदा तर बारा गुणिले सात मला आठवेना. नापास झालेल्या मुलाला परीक्षेची भीती वाटते ती पहिल्यांदा बसणाऱ्या मुलासारखी नसते. त्यानं खड्डा एकदा बघितलेला असतो.

आणि शहरात तेव्हा दुसरंच काही पेटलेलं होतं. विद्यापीठाच्या नामांतराची मागणी. भिंतीवर ती घोषणा रंगवलेली असायची आणि दुसऱ्या दिवशी त्यावर कुणीतरी चुना फासलेला असायचा. क्रांती चौकात मोर्चा नसेल असा आठवडा नसायचा. नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी मी शाळेत होतो. मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, माणसं मेली. आमच्या गावात काही झालं नाही, पण वडील त्या आठवड्यात मेंढरं लवकर कोंडायचे आणि दाराला आतून कडी घालायचे. "आपण त्यात नाय," एवढंच म्हणायचे. आमच्या घराचं सगळं राजकारण त्या तीन शब्दांत होतं. मीही तेच घेऊन शहरात आलो होतो. दादा मोर्चाला जायचा हे मला माहीत होतं. त्याच्या घरात निळ्या झेंड्यांच्या काठ्या कोपऱ्यात उभ्या असायच्या, आम्ही त्यांना वह्या टेकवायचो. मी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. मी गणितासाठी येतो, आपण त्यात नाही.

सप्टेंबरच्या शेवटी मामाला पत्ता लागला. कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं, तुमचा भाचा उस्मानपुऱ्यात अमक्याकडं शिकायला जातो, तो तर मोर्च्यात पुढं असतो. मामा संध्याकाळी घरी आला तो सायकल भिंतीला आपटूनच.

"कुणाकडं जातूस तू?"

मी सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"तुला दिसतंय का भाईर काय चाललंय? उद्या दगड पडला तर कुणाच्या बाजूचा म्हणून पडंल तुझ्यावर? इकडचे बी मारतील, तिकडचे बी मारतील. बास झालं ते. घरी बसून काय अभ्यास व्हतो तेवढा कर."

मामा वाईट माणूस नव्हता. तो घाबरला होता. त्याच्या आवाजात मला माझे वडील कडी लावताना ऐकू आले. परीक्षेला सतरा दिवस उरले होते, इंटिग्रेशनचे दोन प्रकार राहिले होते.

मामा बाहेर गेल्यावर मामीनं मला चुलीजवळ बोलावलं. भाकरीवर लोणी घातलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "तिथं काय खाल्लं-प्यालं का रं?"

"चहा नाही घेतला कधी. केळं देत्यात."

"सोलून देत्यात का तसंच?"

"तसंच. आख्खं."

"अजून काय?"

"पेरू. शेंगा."

"फोडलेल्या?"

"नाय. टरफलाच्या."

मामीचा जीव भांड्यात पडला. तिनं दुसरी भाकरी तव्यावर टाकली. "मग चालतंय. सालीचं चालतंय. तुझ्या मामाला सांगते मी."

सालीचं चालतं. हा नियम मला लहानपणापासून माहीत होता. बाजारात कुणाकडूनही केळी, पेरू, शेंगा घ्याव्यात, साल असलेल्याला विटाळ नाही. पण चार महिन्यांत ते माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मामीसमोर बसल्या बसल्या माझा घास हातात राहिला. चार महिने, रोज, एकदाही सोललेलं नाही. एकदाही चिरलेलं नाही. काकडी दिली तीसुद्धा आख्खी, मीठ कागदाच्या पुडीत वेगळं. दादाच्या आईला पहिल्याच दिवशी सगळं कळलं होतं. चहानं पित्त होतं म्हणाली तेव्हाच कळलं होतं. मला फसवता आलं असं मी समजत होतो. ती मात्र माझी लाज राखत होती, आणि त्यासाठी आमचा नियम आमच्यापेक्षा काटेकोर पाळत होती.

मला आधी शरम वाटली नाही, राग आला. तिच्यावरच आला. इतकं कशाला सांभाळून घ्यायचं, एकदा तोंडावर बोलली असती तर मी मोकळा झालो असतो. शरम मागाहून आली, आणि आली ती राहिली.

मामाला वाचनालयात जातो असं सांगून मी दुसऱ्या दिवशी क्लासला गेलो. पाठांतर करून गेलो होतो. चहाच्या वेळी सहज म्हणायचं, "आज मलाही द्या थोडा." चहाची वेळ झाली. तिनं कप मांडले, माझ्यापुढं केळं ठेवलं. मी तोंड उघडलं आणि दादाला पार्शल फ्रॅक्शनची शंका विचारली. दुसऱ्या दिवशीही तेच. थोडा चहा मागायला किती धैर्य लागणार? पण मागितला की आधीचे चार महिने उघडे पडणार होते. केळं आता मी तिथं सोलायचो नाही. मी ते खिशात घालून आणायचो आणि माळावर मेंढरांना द्यायचो, सालीसकट.

परीक्षेला पाच दिवस असताना दादानं फळ्यावर शेवटचं उदाहरण सोडवलं, उत्तरापुढं अधिक सी लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला. इंटिग्रेशनच्या प्रत्येक उत्तरापुढं लागणारं ते सी लिहायला मी नेहमी विसरायचो. "पोर्शन संपला माझा," तो म्हणाला. "आता तुमचं तुम्ही. उद्यापासून मी नाय. नामांतरासाठी जेलभरो हाय."

बाकीचे तिघं काहीतरी बोलले. माझ्या मनात आलं ते सांगायला आज जड जातं. याला आत्ताच जायचं होतं? पाच दिवस थांबता आलं नसतं? माझ्या शंकांचं काय? माणूस विद्यापीठाच्या नावासाठी तुरुंगात चाललाय, शिफ्ट बुडवून, नोकरीवर पाणी सोडायच्या तयारीनं, आणि मला पडलं होतं माझ्या पार्शल फ्रॅक्शनचं. त्यानं माझ्याकडं बघितलं. "तुला येतंय," तो म्हणाला. "फक्त मधलं लपवू नगंस."

ते पाच दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. वही उघडली की सगळं येत होतं, मिटली की काहीच येत नव्हतं. मामा वाळूजहून आला की माझ्याकडं न बघता विचारायचा, "झालं का?" मी हो म्हणायचो. मामी रोज माझ्या डोक्यावर हात ठेवून बघायची, ताप आहे का म्हणून.

पेपरच्या दिवशी शहर बंद होतं, पण पेपर पुढं ढकललेला नव्हता. सेंटर उस्मानपुऱ्याच्या अलीकडच्या एका शाळेत होतं. मी सातलाच सायकल काढली. नगर नाक्यावर पोलिसांची गाडी, दुकानांची शटर खाली, माझं आडबाजूचं हॉटेलही बंद. पाण्याचा घोटसुद्धा न घेता निघालो होतो. आठला पोचलो तर पेपरला अजून तीन तास. शाळेच्या फाटकाशी थोडा वेळ उभा राहिलो. पायांनीच ठरवलं असावं, मी त्या गल्लीत वळलो.

दादाची आई घरात एकटी होती. डबा बांधत होती. दादाला पोलिसांनी चार दिवसांपूर्वी नेलं होतं, आज भेटायला सोडतील असं कुणीतरी सांगितलं होतं. मला बघून ती घाईनं उठली. "अरं, आज पेपर ना तुझा? बस. असा पांढरा का झालास?"

मी बसलो नाही. उंबऱ्यातच उभं राहून बोलून टाकलं. "मला चहा द्या."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मग हसली. आईनं चोरी पकडल्यावर हसावं तसं. "तू घेत नायस ना?"

"घेतो," मी म्हणालो. "आधीपासून घेतो."

"ठाव हाय मला." तिनं डब्याची गाठ पक्की केली. "पर आज नगं. चार महिने केळ्यावर गणित केलंस, आज चहावर करायला जाशील तर बिघडंल. पेपरच्या दिशी सवय मोडू नाय. पास झालास की ये, मग देते. व्हय?" आणि फडताळातून केळं काढून तिनं माझ्या हातात ठेवलं. मी ते तिच्यासमोर सोललं आणि खाल्लं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, तिनं ते परीक्षेचं समजलं असेल किंवा नसेल. आम्ही दोघं बरोबरच बाहेर पडलो. ती डबा घेऊन पोलीस स्टेशनच्या बाजूला गेली, मी शाळेच्या.

पेपर मला आठवतो तो तुकड्यातुकड्यानं. पहिला प्रश्न वाचला आणि काही कळलं नाही. दुसऱ्यांदा वाचला, तरी नाही. घड्याळ पुढं चाललं होतं, पर्यवेक्षकांच्या चपला वाजत होत्या, आणि मला स्पष्ट दिसत होतं की हे पुन्हा तेवीस आहे. मग मी पायरी लिहिली, चुकीची. पुसायला शाईचा रबर उचलला आणि खाली ठेवला. एक आडवी रेघ मारली, खाली दुसरी पायरी लिहिली. तिथून हात चालायला लागला. माझी उत्तरपत्रिका बघून तपासणाऱ्याच्या कपाळाला आठी पडली असेल, इतक्या रेघा होत्या. प्रत्येक इंटिग्रेशनपुढं मी अधिक सी लिहिलं. शेवटची पाच मिनिटं फक्त सी आहे का एवढंच बघत बसलो.

निकाल थंडीत लागला. गणितात एकसष्ट. मामानं मार्कलिस्ट उलटसुलट करून बघितली, मग खुंटीवरचा टॉवेल घेऊन बाहेर निघून गेला. मामी म्हणाली, रडायला गेलाय. मी पेढे घेतले आणि सरळ उस्मानपुऱ्यात गेलो. दादा तोवर सुटून आला होता आणि फर्स्ट शिफ्टला गेला होता. घरात त्याची आई होती. तिनं पेढा घेतला, तसबिरींपुढं ठेवला, मग अर्धा तोंडात टाकला. "बस," म्हणाली. "आज देते तुला चहा."

आल्याचा वास आला. मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि माझ्याइतका सुखी माणूस त्या दिवशी शहरात नसेल. तिनं टाचा उंचावून मांडणीच्या वरच्या फळीवरची पिवळ्या फुलांची कपबशी काढली, पाण्यानं विसळली, त्यात चहा ओतला आणि माझ्यापुढं ठेवली. स्वतःचा चहा तिनं कान तुटलेल्या कपात घेतला. आम्ही दोघं चहा प्यालो. मी दुसऱ्यांदा मागून घेतला. बशी उचलली तेव्हा तिच्या तळाला दुकानदाराची कागदी चिठ्ठी दिसली, अजून चिकटलेली. मला मान मिळाला असं वाटलं. पाहुण्यांच्या कपात चहा मिळाला, म्हणजे मी आता या घरचा झालो, असं काहीतरी मनात घोळवत मी निघालो.

छावणीचा चढ चढताना ती चिठ्ठी पुन्हा डोळ्यांसमोर आली आणि मी सायकलवरून उतरलो. त्या घरात पाहुणे येत होते. माझ्यासमोर कितीतरी आले, मोर्चाची माणसं, नातेवाईक, सगळ्यांना कान तुटलेल्या कपातच चहा मिळाला होता. ती कपबशी पाहुण्यांची नव्हती. ती माझी होती. मी पहिल्या दिवशी ते वाक्य बोललो, त्यानंतर कधीतरी तिनं ती आणली आणि जिथं कुणाचा हात जात नाही तिथं पालथी घालून ठेवली. त्या घरातल्या एकाही माणसाचा ओठ न लागलेली. एखाद्या दिवशी या लेकराला चहा घ्यावासा वाटला तर अडचण नको, म्हणून. आणि मी तिच्यातूनच प्यालो. दुसऱ्या कपात द्या, तुमच्यातल्या, एवढं म्हणायचं मला सुचलंसुद्धा नाही.

परत जावं असं वाटलं. सायकल वळवलीही. मग मनात आलं, जाऊन काय म्हणणार? आणि मामी जेवायला थांबली असेल. मी पडेगावचा रस्ता धरला.

पुढच्या जूनला मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, मागासांसाठी राखीव असलेल्या जागेतून. ती जागा निळ्या कोटातल्या त्या माणसामुळं होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. चुकलेली ओळ न पुसायची दादाची सवय मला अजून आहे, म्हणून ही ओळही आहे तशी ठेवतो. कॉलेज उस्मानपुऱ्याजवळच होतं. चार वर्षं मी त्या गल्लीच्या तोंडावरून रोज सायकलनं गेलो. आत वळलो नाही.